सीक रपोट

रोगी खोटं बोलतो, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. पथ्य मोडून बोरं खाल्लेली असतात आणि देवाशपथ नाही म्हणतात. गोळी उशीखाली सारतात आणि गिळली म्हणून सांगतात. त्या खोट्याला मी सरावले होते. पण जीव चालला असताना छाती काढून 'ठीक है साब' म्हणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याने माझ्या नाकी नऊ आणले.

सयाजीबाबा त्यांचं नाव. लढाई संपली त्या वर्षी, दिवाळी नुकतीच झालेली असताना, त्यांना आमच्या साताऱ्याच्या दवाखान्यात आणलं. गाव खंडाळ्याच्या अलीकडचं. सर्व्हिस मोटारीच्या मागच्या बाकावर आडवं घालून सून घेऊन आली होती. बरोबर गावातला कुणी चुलता होता, तो मोटारीच्या परतीच्या वेळेला निघून गेला. बाबांची साठी उलटलेली. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला शिपाई, हाड एवढं रुंद की आमची खाट त्यांना अपुरी पडायची. लघवीच्या जागी गाठ झाली होती आणि तिथून कॅन्सर कमरेच्या हाडात उतरला होता. कापण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यातून गेली दोन-तीन वर्षं डोकं कामातून गेलेलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण ही नुसती नाठी नव्हती, पार परागंदा झाली होती. सुनेला ते कधी आई म्हणायचे, कधी पलटणीच्या स्वयंपाकघरातली समजून 'ए लंगरवाली'. सातारा म्हणजे त्यांना बसरा वाटायचं आणि खिडकीबाहेरचा अजिंक्यतारा बघून 'ह्यो डोंगुर कवा आला हितं?' असं मला रोज विचारायचे.

आणि मी रोज सांगायची, 'कालच आला बाबा.' काय करणार?

पहिल्याच दिवशी डॉक्टर फेरीला आले. डॉक्टर धरणेंद्र मगदूम, सांगलीकडचे जैन. घरी शेती-व्यापार असताना हा मुलगा डॉक्टर झाला. माणूस सज्जन, हात हलका, बोलणं मऊ. फक्त पायातले बूट भारी वाजायचे. ते बूट दारात वाजले आणि सयाजीबाबांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तोवर उशीचा अभ्रा दातात धरून पडलेला माणूस. त्याने अभ्रा सोडला, टाचेला टाच जुळवली, मान ताठ केली आणि पडल्या पडल्या हात कपाळाला लावला.

"काय बाबा, कुठं दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठीक है साब!"

सगळ्या वॉर्डात ऐकू गेलं. डॉक्टरांनी कमरेला हात लावला, दाबून पाहिलं. बाबांच्या गळ्याची शीर दोरीसारखी वर आली, पण तोंडातून तेच. ठीक है साब. डॉक्टर हसले. मला म्हणाले, "बनुबाई, म्हातारा काटक आहे. साध्या गोळ्या चालू ठेवा."

साध्या गोळ्या! हाड पोखरत चाललेल्या माणसाला साध्या गोळ्या. पण डॉक्टरांचा तरी काय दोष? ते दिवसातून एकदा यायचे आणि त्यांना दिसायचा तो परेडवरचा शिपाई. बाकीचा सगळा दिवस माझ्या वाट्याला होता. चादर बदलायला कुशीवर वळवलं की हा माणूस असा ओरडायचा की शेजारच्या खाटेवरचा हर्नियावाला कानात बोळे घालायचा. जेवायला दिलं तर ताट भिरकावायचे. अंग पुसायला गेले तर मनगट असं पिरगाळायचे की दोन दिवस बांगडी घालता यायची नाही. एक पाय सारखा चादरीवर घासत असायचा, घासून घासून टाचेला जखम झालेली. लोक म्हणायचे म्हातारा तापट आहे, वेडा आहे. अहो, वेडा नाही. दुखतंय त्याला, आणि दुखतंय हा शब्दच त्याच्याकडे उरलेला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरं, पण इथं ज्याचं जळत होतं तोच सांगत नव्हता.

मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मॉर्फिया द्या."

"बनुबाई, मॉर्फिया कपाटात किती उरलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. लढाई संपली तरी माल काही येत नाही. पण ते जाऊ दे. रोग्याला मी विचारतो, तो ठीक म्हणतो. उद्या सुई दिली आणि श्वास बंद पडला, तर मी कुणाच्या शब्दावर दिली म्हणून सांगू?"

"माझ्या."

"तुम्ही रोगी नाही."

"रोग्याला स्वतःचं नाव आठवत नाही. त्याच्या शब्दाला काय किंमत?"

"म्हणूनच भीती वाटते," ते म्हणाले. "ज्याला सांगता येत नाही त्याला किती झालं हेही सांगता येणार नाही. सुनेला विचारा. मुलगा असेल तर त्याला बोलवा. घरच्यांनी संमती दिली तर मी देतो."

बोलणं रास्त होतं, हाच तर वैताग. माणूस वेडंवाकडं बोलला तर भांडता येतं. रास्त बोलणाऱ्याशी काय भांडणार? तरी मी त्यांना एक गोष्ट करायला लावली. म्हटलं, उद्या बूट बाहेर काढा, कोट काढा, आणि मी चादर बदलत असताना गुपचूप दारामागं येऊन उभे रहा. दुसऱ्या दिवशी बिचारे खरोखर अनवाणी आले. दाराआड उभे राहिले. मी चादरीला हात घातला. बाबांनी आ केला, आणि तेवढ्यात आमच्या वॉर्डातल्या झाडणाऱ्या रंगुबाईने दाराकडे बघून मोठ्यांदा म्हटलं, "या की डॉक्टरसाहेब, बाहेर का हुबा?"

"ठीक है साब!"

मी चादर तिथंच टाकली आणि बाहेर जाऊन हौदावर तोंड धुतलं. नाहीतर रंगुबाईचं काही खरं नव्हतं.

सून राहीबाई, तिचं एक वेगळंच. पदर डोळ्यांपर्यंत, आवाज नाही. पण बाबांना घास भरवावा तर तिनेच. तिला मी बाजूला घेतलं. "घरी कसं होतं गं?"

तिने आधी इकडे तिकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "बाई, वाघावानी वरडायचं. आख्खी आळी जागी व्हायची. मी गरम विटंनं शेकायची कंबर. पर कुणी आलं की गप. आन ह्ये आल्यावर तर अक्षर न्हाई काडायचं."

'हे' म्हणजे तिचा नवरा लालासाहेब. फौजेत हवालदार. इटलीत लढून आला होता आणि आता रजा मंजूर होऊन गावी यायला निघाला होता.

"मग तू सांग डॉक्टरांना. दुखतं म्हणून सांग."

"मी?" ती घाबरलीच. "ह्यांना इच्यारल्याबगार? न्हाई वो बाई. ह्यांनी आल्यावर मलाच इच्यारलं, तू कोन सांगनारी, तर काय करू?"

तिचं खरं होतं. आणि मग मला राग तिचाही येईना, त्यामुळे तो राग माझ्याच अंगात राहिला.

या सगळ्यात बाबांचा एक नाथाजी होता. गावातलाच जोडीदार, बरोबर भरती झालेला, बसऱ्याला तापाने गेला, एवढंच राहीबाईला ऐकून ठाऊक. पण बाबांच्या लेखी नाथाजी कुठंतरी जवळपासच असायचा. भाकरीचा निम्मा तुकडा ते चादरीखाली ठेवायचे. "नाथाजी पहाऱ्यावर हाय. आला की त्याला." मी तो तुकडा गुपचूप काढून घ्यायची, नाहीतर मुंग्या व्हायच्या.

हवालदार लालासाहेब आले ते कडक इस्त्रीच्या खाकीत. बाहीवर तीन फिती, छातीवर रंगीत पट्ट्या, मिशी वळवलेली. वॉर्डातले रोगी उठून बसले. बाबांनी त्यांना बघितलं मात्र, आणि परत तेच. टाचा जुळल्या, मान ताठ.

"कसं काय आबा?"

"ठीक है, हवालदारसाब!"

लालासाहेबांची छाती फुगली. माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलंत? वळखतो मला. डोकं गेलं म्हनत्यात समदी, पर आपल्या पोराला वळखतो."

मला सांगवेना की अरे, ते तुला नाही ओळखत, तुझ्या फितींना ओळखतात. स्वतः बाबा साधे शिपाई म्हणून घरी आले होते. तीन फितीवाला समोर आला की ताठ व्हायचं, एवढं त्यांच्या हाडात मुरलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. पण पोरगा एवढ्या लांबून आलेला, डोळ्यांत पाणी दिसत होतं. नंतर डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावून सगळं समजावलं, आजार बरा होणारा नाही, दुखणं वाढत जाणार, मॉर्फियाची सुई देता येईल, धोका असा असा आहे. मी दारातच उभी होते.

लालासाहेब खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "सुई म्हंजी अफूच न्हवं?"

"अफूपासूनच काढतात," डॉक्टर म्हणाले.

"आमच्या गावात अफू देत्यात ती किरकिऱ्या पोरांना. बाया शेतावर जाताना देत्यात. माझ्या बापाला न्हाई." मग आवाज जरा खाली आला. "साहेब, माझ्या बापानं उभ्या नोकरीत एकदा सीक रपोट केला न्हाई. पलटनीत सकाळी आजाऱ्यांची रांग लागती. त्या रांगंत जो हुबा ऱ्हायला त्याला बाकीचे काय म्हनत्यात ठावं हाय? कामचुकार. पाय सुजला तरी माझा बाप परेडला हुबा. मला लहानपनी मांडीवर घिऊन हेच सांगितलंय त्यानं. आनि आता शेवटाला त्याला अफू चारू?"

"त्यांना दुखतंय, हवालदार," मी मध्ये बोलले.

"त्यो म्हनला?"

"म्हणायची शुद्ध असती तर कशाला..."

"मी इच्यारलं, त्यो ठीक म्हनला. साहेबांनी इच्यारलं, ठीक म्हनला. तुमालाच कसं येगळं दिसतंय बाई?"

तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, "चला. आता चला. चादर बदलायची आहे, तुम्ही धरा."

त्यांनी धरलं. तसे जाणते होते, जखमी माणूस कसा वळवायचा ते त्यांना ठाऊक होतं. मी चादर ओढली. मला वाटलं, आता ओरडतील, आता ह्या माणसाला कळेल. बाबांचे डोळे त्या तीन फितींवर खिळलेले. ओठ आत घेतले, नाकपुड्या फुलल्या, कपाळावर घाम उभा राहिला. आवाज नाही. साधं हूंसुद्धा नाही.

"बघा," लालासाहेब म्हणाले.

मी कपाळाकडे बोट केलं. "हा घाम?"

"उकडतंय."

कार्तिकातली सकाळ. रोगी घोंगड्या पांघरून बसलेले. आणि म्हणे उकडतंय! तोंड उघडलं असतं तर ते नोकरीवर आलं असतं. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं?

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. लालासाहेब सकाळी यायचे, बाबा ताठ. ते चहाला गेले की बाबा उशी चावायचे. ते परत आले की ताठ. राहीबाई त्या दोघांकडे बघत खाटेच्या पायथ्याशी बसायची, आणि नवऱ्याची पाठ वळली की सासऱ्याच्या कमरेखाली हळूच गरम पाण्याची पिशवी सरकवायची. एकदा तर मी बाबांवरच चिडले. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अहो बाबा, एकदा म्हणा की दुखतंय! तुमचं काय जातंय? कुणी फाशी देणार आहे का?" बाबांनी माझ्याकडं बघितलं. डोळे एकदम स्वच्छ होते. म्हणाले, "तू नवी हायेस काय हितं?" आणि परत पाय घासायला लागले.

त्या दिवशी दुपारी बाबांचं अंथरूण पार खराब झालं. रंगुबाई जेवायला गेली होती आणि वॉर्डात दुसरं कुणी मोठ्या ताकदीचं नव्हतं. मला एकटीला ते धूड हलणारं नव्हतं. व्हरांड्यात लालासाहेब विडी ओढत होते, त्यांना हाक मारली. ते आत आले, अंथरूण बघितलं आणि काही न बोलता अंगातला खाकी कोट काढून खिडकीच्या गजाला अडकवला. घाण लागू नये म्हणून, दुसरं काही नाही. डोक्यावरचं काढलं. आत नुसती बंडी. बाह्या कुठल्या नि फिती कुठल्या. घामट, केस विस्कटलेला एक साधा गडी दिसायला लागला.

त्यांनी बाबांच्या बगलेत हात घातले. "आबा, जरा वर व्हा."

बाबांनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडं बघतच राहिले. मग त्यांच्या सगळ्या तोंडावर असं काही हसू पसरलं की मी हातातलं भांडं खाली ठेवलं. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"नाथाजी! आलास व्हय रं गड्या?"

लालासाहेब थबकले. मी मान हलवली, हो म्हणा.

"आलो," ते म्हणाले.

"कुठं हुतास रं इतकं दीस?" बाबांनी त्यांच्या बंडीला गच्च धरलं, जवळ ओढलं आणि दाराकडं बघितलं. मग आवाज अगदी खाली आणला, जसं बरॅकीत शेजारच्याशी बोलावं. "नाथाजी, लय दुखतंय रं."

लालासाहेबांचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती. ती हलली नाही.

"कुठं दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"कंबर. हाडात कायतरी शिरलंय, कुरतडतंय बघ. दिस न्हाई रात न्हाई. पाय उचलंना. मला रडाय येतंय रं." आणि तो एवढा मोठा माणूस खरंच रडायला लागला, तोंड वेडंवाकडं करून, पण आवाज दाबून, कुणी ऐकू नये म्हणून. "साबाला सांगू नगंस हां. कामचुकार म्हनंल."

"न्हाई सांगत."

"आन आमच्या लालाला तर आजाबात कळू देऊ नगंस. त्यो मला लय मोटा शिपाई समजतोय."

राहीबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी खिडकीकडं बघत होते. लालासाहेबांनी बापाचं डोकं छातीशी धरलं, आणि त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "न्हाई कळू देत गड्या. न्हाई कळू देत."

मग आम्ही अंथरूण बदललं. या खेपेला बाबा ओरडले. प्रत्येक वेळी वळवताना ओरडले, 'नाथाजी, हळू रं, आई गं,' आणि लालासाहेब प्रत्येक वेळी 'झालं गड्या, झालं' म्हणत होते. माझं खोटं ठरलं नाही याचा आनंद व्हायला हवा होता. काडीचा झाला नाही. मला एवढंच वाटत होतं की हा कोट ह्या माणसाने पहिल्या दिवशी का काढला नाही, आणि मला तरी ते का सुचलं नाही.

लालासाहेब तसेच बंडीवर डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी मागोमाग. ते टेबलासमोर ताठ उभे राहिले, हात मांड्यांना लावून. डॉक्टरांनी वर बघितलं, त्यांना बसा म्हणाले. ते बसले नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "शिपाई सयाजी. सीक रपोट."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं, "पुरे." कपाटाची किल्ली स्वतः घेतली, सुई स्वतः उकळवली. मला म्हणाले, "अगदी थोडक्यापासून सुरू करू. श्वास तुम्ही मोजत बसा. आणि बूट घालूनच येतो. त्यांना फसवून द्यायची नाही."

ते बूट वाजले. बाबांचं रडं तिथल्या तिथं आटलं. टाचा जुळवायला लागले.

"काय बाबा, दुखतंय का?"

"ठीक है साब!"

डॉक्टर थांबले. त्यांनी खाटेच्या पलीकडं उभ्या असलेल्या लालासाहेबांकडे बघितलं. आत्ता बोललं नाही तर पुन्हा बोलणं होणार नाही, हे त्या दोघांनाही कळत होतं. सुई बापाला नको असताना जबरीने टोचायची, की कुणीतरी त्याच्या तोंडावर सांगायचं.

"खोटं बोलतोय, साब," लालासाहेब म्हणाले. आवाज फाटला होता. "रातध्याड दुखतंय त्याला. रडतोय त्यो. माझ्यापाशी बोललाय."

बाबांनी मान वळवली. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. माणसाच्या डोक्यातलं सगळं पुसून जातं, गाव, बायको, लेक, पण जोडीदाराने साहेबापुढं आपलं गुपित फोडलं हे त्यांना लख्ख कळलं.

"नाथाजी," ते म्हणाले, "तुला सांगू नगं म्हनलं हुतं न्हवं?"

लालासाहेब खाली बघत राहिले.

"फितूर," बाबा म्हणाले.

साहेबाचा हुकूम म्हणून त्यांनी दंड पुढं केला. सुई टोचली तेव्हा हललेसुद्धा नाहीत. मी मनगट धरून शेजारी बसले. थोड्या वेळाने जबडा सैल पडला. मग बोटं. मग चादरीवर घासणारा तो पाय, जो मी जागेपणी कधी थांबलेला पाहिला नव्हता, तो थांबला. बाबा झोपले. तोंड उघडं टाकून, घोरत, घरात माणसं झोपतात तसे झोपले. राहीबाई हळूच म्हणाली, "बाई, ह्ये आसं घोरायचं इसारलोच हुतो आमी."

डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळची सुई ठरवून दिली आणि सगळ्या वॉर्डासमोर मला सांगितलं, "विचारत बसू नका बनुबाई. वेळ झाली की द्यायची." एवढं ऐकायला मी किती दिवस दगडावर डोकं आपटलं होतं!

त्यानंतर बाबांचं ताट भिरकावणं थांबलं. माझं मनगट सुटलं. पोट साफ राहावं म्हणून एरंडेल द्यावं लागायचं, ते मात्र तोंडावर थुंकायचे, पण त्याचं मला काही वाटेना. राहीबाईच्या हातून दूधभाकरी खायचे, अजिंक्यतारा कधी आला म्हणून विचारायचे. भाकरीचा तुकडा मात्र चादरीखाली ठेवणं बंद केलं. पूर्ण भाकरी खायला लागले.

आणि लालासाहेबांच्या सगळ्या वाटा बंद झाल्या. बंडीवर गेले की बाबा भिंतीकडं तोंड करायचे. 'फितूर हाय त्यो, त्याला हाकला,' म्हणायचे. खाकी कोट घालून गेले की 'ठीक है, हवालदारसाब', आणि त्या ताठ होण्यानं हाडाला ताण पडायचा, म्हणून मीच त्यांना कोट घालून येऊ नका म्हटलं. एक दिवस ते गावाकडचं धोतर आणि सदरा घालून आले. बाबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "ह्यो पाव्हना कुनाकडचा?" बापाजवळ जायला त्यांच्याकडं चौथा कपडा नव्हता.

मग ते सुईनंतर यायला लागले. बाबांचा डोळा लागला की दबकत आत यायचे, पायथ्याशी बसायचे आणि झोपेत त्यांचे पाय दाबायचे. जाग येण्याची चाहूल लागली की उठून व्हरांड्यात. रजा संपत आली तरी हेच. मला बघवेना. शेवटी एक दिवस मीच चिडून म्हटलं, कुणावर चिडले होते देव जाणे, "अहो, तुम्ही त्यांच्या भल्याचंच केलंत. निदान एकदा तरी समोर बसा, समजावून सांगा. व्हरांड्यात बसून फितूर, फितूर ऐकून घेता, वाईट नाही वाटत?"

लालासाहेबांनी बापाच्या पायावरून हात काढला नाही. "बाई, झोप लागती न्हवं त्याला?"

"लागते."

"मग ऱ्हाऊ द्या मला फितूर."